साबा: सपाट जागा नसलेल्या बेटावर जायचं तर

साबाला पुळण नाही. कॅरिबियन समुद्रातलं बेट म्हणून वाळूत पाय पसरून बसायचा बेत असेल, तर हे आधीच कळलेलं बरं. त्यासाठी शेजारचं सिंट मार्टेन किंवा अँग्विला गाठावं. साबाच्या वेल्स बे नावाच्या खाचेत वर्षातले काही महिने समुद्र थोडी वाळू आणून टाकतो आणि हिवाळी लाटा सुरू झाल्या की तीच परत ओढून नेतो. विमानतळाजवळ कोव्ह बे इथे दगडांची आड घालून डुंबण्यापुरती जागा केली आहे. बाकी बहुतेक किनारा म्हणजे थेट पाण्यात उतरणारे कडे.

जेमतेम तेरा चौरस किलोमीटरांचं हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा सुळका आहे. त्याचं सर्वांत उंच टोक, माउंट सीनरी, पावणेनऊशे मीटरांच्या आसपास जातं. म्हणजे माथेरानपेक्षा थोडं उंच. आणि त्या टोकापासून कुठल्याही बाजूला दोन-तीन किलोमीटर गेलात की समुद्र. साबा हा नेदरलँड्सच्या राज्याचा भाग असल्यामुळे त्या साऱ्या राज्यातलं सर्वोच्च ठिकाण युरोपात नाही, इथे आहे. १९३३च्या ‘किंग काँग’ चित्रपटात जे गूढ बेट दुरून दिसतं, त्यासाठी साबाचीच आकृती वापरली होती. लोकवस्ती सुमारे दोन हजार.

इथल्या प्रवासाचे सगळे नियम, सगळ्या अडचणी आणि सगळं सुख एकाच गोष्टीतून येतं: या बेटावर सपाट जागा नाही. विमान लहान का, बोट कधी रद्द होते, पाणी जपून का वापरायचं, घाट इतका उभा का, डोंगर आधी चढायचा की समुद्रात आधी उतरायचं, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेवटी त्या चढापाशी येतं. हे लक्षात ठेवून बेत आखला तर साबासारखी जागा नाही. न ठेवता आखला तर परतीचं विमान चुकायची शक्यता भरपूर.

सुरुवात कागदपत्रांपासून. १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिल्स हा जुना प्रशासकीय गट विसर्जित झाला आणि साबा, बोनेअर, सिंट युस्टेशियस ही तीन बेटं नेदरलँड्सच्या विशेष नगरपालिका बनली. साबाचा कारभार त्यामुळे थेट हेगशी जोडलेला आहे. पण व्हिसाच्या बाबतीत यावरून चुकीचा निष्कर्ष काढू नका. साबा शेंगेन क्षेत्रात येत नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला राज्याच्या कॅरिबियन भागाचा वेगळा व्हिसा लागतो. तो एकदा मिळाला की अरुबा, कुरासाव, सिंट मार्टेन, बोनेअर, सिंट युस्टेशियस आणि साबा या सहाही बेटांना चालतो. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेनचा अनेक प्रवेशांचा चालू व्हिसा हातात असेल तर काही अटींवर यातून सूट मिळते. या अटी बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी नेदरलँड्सच्या दूतावासाचे त्या घडीचे नियम स्वतः वाचा. एजंटाच्या तोंडी खात्रीवर राहू नका. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रवास मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांपेक्षा पुष्कळ सोपा, हे सांगायला नको.

साबाला थेट कुठूनही लांब पल्ल्याचं विमान येत नाही. आधी सिंट मार्टेन गाठायचं. तिथल्या प्रिन्सेस जुलियाना विमानतळावर अॅमस्टरडॅमहून, पॅरिसहून आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांतून विमानं येतात. मुंबईहून युरोपमार्गे येणं सरळ. अमेरिकेमार्गे यायचं तर नुसतं विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. सिंट मार्टेनची राजधानी फिलिप्सबर्ग. तिथल्या फ्रंट स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची दागिन्यांची दुकानं रांगेने आहेत, त्यामुळे एवढ्या दूरवरही कानावर हिंदी पडू शकतं.

सिंट मार्टेनहून साबा पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरांवर आहे आणि जायचे मार्ग दोन: विमान किंवा फेरीबोट. विमान विनएअर कंपनीचं, ट्विन ऑटर जातीचं, जास्तीत जास्त एकोणीस आसनांचं. पंधरा मिनिटांच्या आत तुम्ही साबावर असता. पण त्या पंधरा मिनिटांमागची हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

साबाचा विमानतळ फ्लॅट पॉइंट या टोकावर आहे. प्राचीन काळी ज्वालामुखीतून वाहत आलेला लाव्हा समुद्रात शिरून थिजला, त्याची जीभ म्हणजे हे टोक. बेटावर सपाट म्हणता येईल असं एवढंच. शेजारच्या सेंट बार्ट्स बेटाचे वैमानिक रेमी द हेनन यांनी ते आकाशातून हेरलं आणि इथे विमान उतरवता येईल असं सांगितलं. साबाच्या लोकांनी फावडी आणि ढकलगाड्या घेऊन दगड वेचले, खड्डे बुजवले, आणि ९ फेब्रुवारी १९५९ला द हेनन तिथे उतरले. बेटावर उतरलेलं ते पहिलं विमान. पुढे १९६३मध्ये पक्की धावपट्टी झाली आणि विमानतळाला नेदरलँड्स अँटिल्सचे मंत्री हुआंचो इराउस्किन यांचं नाव दिलं गेलं.

ही धावपट्टी सुमारे चारशे मीटरांची आहे. प्रवासी विमानं नियमित उतरतात अशा धावपट्ट्यांमध्ये जगात सर्वांत आखूड अशी तिची ख्याती. एका बाजूला डोंगर, दोन्ही टोकांना समुद्राकडे तुटलेला कडा. एवढ्या जागेत विमान थांबतं कसं? ट्विन ऑटर मुळातच आखूड धावपट्टीसाठी बनवलेलं आहे. पंखांची रचना अशी की अगदी कमी वेगातही ते हवेत तोलून राहतं, आणि चाकं टेकताच पंख्याच्या पात्यांचा कोन उलटा करून जोर मागे लावता येतो. ब्रेकवर सगळा भार येत नाही. वैमानिकांना साबासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. धावपट्टीच्या टोकांवर मोठ्या फुल्या रंगवल्या आहेत, त्या परवानगी नसलेल्या विमानांसाठी. प्रवाशांनी त्या पाहून घाबरायचं कारण नाही.

तुमच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. वजन काटेकोर मोजलं जातं, त्यामुळे सिंट मार्टेनपर्यंत चाललेली मोठी बॅग पुढे त्याच विमानात येईलच असं नाही. औषधं, चष्मा, एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. आणि दुसरं, डोंगराला आपटून वारा उलटसुलट झाला किंवा ढग खाली आले की उड्डाण रद्द होतं. इथे धोका पत्करायला जागाच नाही, म्हणून वैमानिक तो पत्करत नाहीत. अशा वेळी काउंटरवर हुज्जत घालणं व्यर्थ आहे.

फेरीला सव्वा ते दीड तास लागतो आणि ती रोज असतेच असं नाही; वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. मधला समुद्र खवळलेला असतो. बोट लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच चढावं. तिकीट विमानापेक्षा स्वस्त, सामान जास्त नेता येतं, आणि साबा समुद्रातून हळूहळू वर येताना दिसतं. एकदा बोटीने आणि एकदा विमानाने जावं, असं मी म्हणेन. दोन्ही वाटांनी आल्याशिवाय बेटाची उभी चण पुरती कळत नाही.

बोट फोर्ट बेला लागते. इथला धक्का १९७२चा. त्याआधी माल लहान होड्यांतून उतरवायचा आणि रस्ता होईपर्यंत माणसांच्या डोक्यावरून वर चढवायचा असा प्रकार होता. पश्चिमेच्या लॅडर बेला खडकात खोदलेल्या सुमारे आठशे पायऱ्या अजून आहेत. धान्य, लाकूड, चुली, एवढंच काय पियानोसुद्धा, साबाच्या गावांत माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून गेलेले आहेत. या पायऱ्या उतरून पुन्हा चढल्याशिवाय परत येऊ नका. ऊन उतरल्यावर जा आणि पाणी बरोबर घ्या.

आता रस्ता. बेटावर चार वस्त्या: राजधानी द बॉटम, तिच्या वर सेंट जॉन्स, मग विंडवर्डसाइड आणि विमानतळाच्या माथ्यावरचं झायन्स हिल, ज्याला जुने लोक हेल्स गेट म्हणतात. त्यांना जोडणारा रस्ता एकच आहे आणि त्याला लोक नुसतं ‘द रोड’ म्हणतात. युरोपातून आलेल्या अभियंत्यांनी बेट पाहून निर्वाळा दिला होता की इथे रस्ता होणे नाही. जोसेफस लँबर्ट हॅसल या साबाच्याच माणसाला ते पटलं नाही. त्याने टपालाने चालणारा स्थापत्याचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९३८मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून काम सुरू केलं. यंत्रं नव्हतीच, जे झालं ते हातांनी. १९४३मध्ये फोर्ट बे ते द बॉटम हा पहिला टप्पा झाला. बेटावर पहिली मोटार आली १९४७मध्ये. १९५१पर्यंत रस्ता विंडवर्डसाइडला पोहोचला आणि १९५८मध्ये पुरा झाला. वीस वर्षं. कठड्याच्या दगडी भिंती बघत जा; प्रत्येक दगड कुणीतरी हाताने बसवलेला आहे. गाडीतून खाली बघताना पोटात गोळा येतो हे खरं, पण मला या रस्त्यावर सर्वांत जास्त काही जाणवत असेल तर तो आदर.

या रस्त्यावर स्वतः गाडी चालवावी का? घाटात गाडी चालवायचा सराव असेल तरच. वाहनं उजव्या बाजूने चालतात, रस्ता अरुंद आहे, समोरून ट्रक आला की एकाने मागे घ्यावं लागतं. भाड्याच्या गाड्या थोड्याच, त्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. टॅक्सीचे दर ठरलेले असतात. विमानतळावर किंवा धक्क्यावर टॅक्सीवाले हजर असतात आणि तेच बेटाची फेरीही घडवतात. इथे अनोळखी माणसाला गाडीत घेण्याची रीत अजून टिकून आहे. रस्त्याकडेला उभं राहून हात केला की कोणी ना कोणी थांबतं. चालताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, हाही इथला शिष्टाचार. न बोलता पुढे गेलात तर ते उद्धट वाटतं.

मुक्कामाला विंडवर्डसाइड सोयीचं. ते चारशे मीटरांच्या आसपास उंचीवर असल्यामुळे रात्री हवा गार असते; डिसेंबर-जानेवारीत एखादा पातळ स्वेटर लागतो. मोठी हॉटेलं बेटावर नाहीत. छोटी अतिथिगृहं आणि भाड्याने मिळणारी घरं आहेत: पांढऱ्या भिंती, लाल छपरं, हिरव्या कडांच्या खिडक्या. ही रंगसंगती साऱ्या बेटावर सारखी आहे आणि लोक ती मनापासून जपतात.

या लाल छपरांना एक काम आहे. साबावर नदी नाही, ओढा नाही. पाऊस भरपूर पडतो, पण उभ्या उतारावरून तो काही क्षणांत समुद्राला मिळतो. म्हणून छपरावर पडलेलं पाणी पन्हळीतून घराखालच्या किंवा अंगणातल्या टाक्यात साठवायचं, ही इथली जुनी पद्धत. तुम्ही ज्या घरात उतराल त्या घरातला नळ बहुधा त्याच टाक्याचा असेल. कोरड्या महिन्यांत टाकं आटलं तर यजमानाला पाणी विकत आणावं लागतं. अंघोळ आवरती घ्या, नळ सोडून दात घासू नका. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या वाचकाला हे सांगायची गरज नाही.

चलन अमेरिकन डॉलर, १ जानेवारी २०११पासून. युरो चालत नाहीत, हे लक्षात असू द्या. लहान नोटा जवळ ठेवा. वीज ११० व्होल्टची, प्लगला चपट्या दोन पिना. मोबाइलचा चार्जर चालेल, घरून आणलेली इस्त्री किंवा मिक्सर चालणार नाही. कार्यालयीन भाषा डच असली तरी घरात, दुकानात आणि रस्त्यावर इंग्रजी. घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे, उन्हाळा-हिवाळा सारखंच.

खाण्याचं थोडं सांभाळावं लागतं. जवळपास सगळा किराणा बोटीने येतो. समुद्र खवळला आणि बोट उशिरा आली की दुकानातली ताजी भाजी संपते. मासे आणि शेवंडं मात्र उत्तम, कारण बेटाच्या नैर्ऋत्येला साबा बँक हे समुद्राखालचं विशाल पठार आहे आणि इथले कोळी तिथे जातात. शाकाहारी माणसाची उपासमार होणार नाही, पण उपाहारगृहात सकाळीच सांगून ठेवावं. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर डाळ-तांदूळ शिजवून खाणं सर्वांत सोपं. संध्याकाळी जेवायला जायचं तरी आधी कळवा. किती माणसं येणार हे बघून इथे चूल पेटते.

आता साबावर करायचं काय? चढायचं आणि बुडी मारायची. ही दोन्ही कामं कुठल्या क्रमाने करायची याला महत्त्व आहे.

माउंट सीनरीची वाट विंडवर्डसाइडहून निघते. १०६४ दगडी पायऱ्या. दमानं चढलं तर वर जायला दीड-दोन तास. खाली ऊन असलं तरी अर्ध्या वाटेपासून पुढे ढगात शिरल्यासारखं होतं, कारण समुद्रावरून येणारी ओली हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि माथ्यावर ढग बनून बसते. त्या ओलाव्यावर तिथलं जंगल जगतं: झाडांएवढी नेची, अळूच्या जातीची अजस्र पानं, शेवाळाने मढलेली खोडं. पायऱ्या निसरड्या असतात. चपला घालून जाऊ नका. पकड असलेले बूट आणि हातात काठी हवी. वाटेत साप दिसला तर दचकू नका. लाल पोटाचा हा साप निरुपद्रवी आहे आणि जगात फक्त साबा आणि सिंट युस्टेशियस या दोन बेटांवर उरला आहे. त्याला वाट द्या.

बाकी पायवाटांपैकी सँडी क्रूझची वाट जंगलातून जाते आणि मला सर्वांत आवडावी अशी तीच वाटते. उत्तर किनाऱ्याची वाट वाटाड्याशिवाय करू नये. त्याच बाजूला मेरीज पॉइंट नावाचं गाव होतं. इतक्या अवघड जागी की १९३४मध्ये सरकारने तिथली सगळी कुटुंबं द बॉटमला आणून वसवली. पायवाटांची देखभाल साबा कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था करते. विंडवर्डसाइडच्या तिच्या दुकानात नकाशा मिळतो आणि कुठली वाट पावसाने बंद आहे तेही कळतं. चालायला निघण्याआधी तिथे डोकावून जाणं उत्तम.

समुद्राखालचं साबा हे वरच्या साबाचंच पुढचं अंग आहे. ज्वालामुखीचे आणखी सुळके पाण्याखाली उभे आहेत आणि त्यांचे माथे पंचवीस-तीस मीटर खोलीवर येऊन थांबतात. थर्ड एन्काउंटर, ट्वायलाइट झोन, आय ऑफ द नीडल ही त्यांतली गाजलेली ठिकाणं. पाणबुड्याचा पहिल्या पातळीचा परवाना साधारणपणे अठरा मीटरांपुरता असतो, म्हणजे या सुळक्यांसाठी पुढच्या पातळीचं प्रशिक्षण घेऊनच यावं. नवख्यांसाठी टेंट रीफसारखी उथळ जागा आहे. १९८७पासून बेटाभोवतीचा सगळा समुद्र, भरतीच्या रेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंत, संरक्षित उद्यान आहे. बुडी स्थानिक केंद्राबरोबरच मारायची, बोटींनी नांगर न टाकता बांधून ठेवलेल्या बोयांना दोर लावायचा, प्रवाळाला हात लावायचा नाही, आणि निसर्ग शुल्क भरायचं. हे शुल्क देताना कुरकुर करू नये. पायवाटा आणि प्रवाळ त्याच पैशावर सांभाळले जातात.

आता क्रमाचं. खोल बुडीनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात माणूस उंचावर गेला, तर हवेचा दाब कमी झाल्यामुळे तो रक्तात बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. म्हणूनच बुडी मारल्यावर विमानात बसायला साधारण अठरा ते चोवीस तासांचं अंतर ठेवतात. साबावर मात्र विमानाची गरजच नाही. डोंगर पुरेसा आहे. सकाळी तीस मीटर खाली जाऊन दुपारी माउंट सीनरी चढणं धोक्याचं आहे. आधी डोंगर, मग समुद्र, आणि शेवटी एक कोरडा दिवस, हा क्रम पाळा. विंडवर्डसाइडला मुक्काम असेल तर तेही बुडी चालवणाऱ्याला सांगा.

पावसाचा दिवस आलाच तर विंडवर्डसाइडचं हॅरी एल. जॉन्सन संग्रहालय पाहा. जुन्या दर्यावर्दी कप्तानाचं हे घर. साबाची लेस म्हणून ओळखलं जाणारं जाळीकामही याच बेटावरचं. कापडातले धागे काढून उरलेल्यांची नक्षी बांधायची ही कला गर्ट्रूड जॉन्सन काराकासच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या आणि त्यांनी ती १८७०च्या दशकात बेटावर आणली. पुरुष जहाजांवर गेलेले असताना साबाच्या बायकांनी अमेरिकेतल्या पत्त्यांवर पत्रं पाठवून ही लेस विकली आणि संसार चालवले. घासाघीस न करता एखादा तुकडा विकत घ्या.

कधी जावं? डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी, गर्दी त्यातल्या त्यात जास्त. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जपून. २०१७च्या सप्टेंबरात इर्मा वादळाने सिंट मार्टेनचा विमानतळ मोडून टाकला, तेव्हा साबाचा बाहेरच्या जगाशी नेहमीचा दुवाच तुटला. तरी निसर्गाची आवड असणाऱ्याने ऑक्टोबरचा विचार करावा. त्या महिन्यात ‘सी अँड लर्न’ नावाचा उपक्रम असतो. बाहेरून आलेले शास्त्रज्ञ रोज संध्याकाळी व्याख्यानं देतात आणि लोकांना बरोबर घेऊन जंगलात, समुद्रात जातात.

द बॉटममध्ये छोटं रुग्णालय आहे. तिथेच वैद्यकीय महाविद्यालयही आहे; त्यात मुख्यतः अमेरिका-कॅनडातली मुलं शिकतात. पण गंभीर रुग्णाला बेटाबाहेर हलवावं लागतं आणि त्याचा खर्च मोठा असतो. प्रवास विम्यात हवाई मार्गाने रुग्ण हलवण्याची तरतूद आहे की नाही, हे निघण्याआधी वाचून घ्या. समुद्रात बुडी मारणार असाल तर तिचाही वेगळा उल्लेख त्यात हवा.

आणि परतीचं. साबाहून सकाळी निघून त्याच दुपारी सिंट मार्टेनहून युरोपचं विमान पकडायचं, असा बेत कागदावर जमतो. तो करू नका. वारा फिरला की चारशे मीटरांची धावपट्टी बंद होते, लाटा वाढल्या की फेरी निघत नाही. पुढच्या विमानाआधीची एक रात्र सिंट मार्टेनमध्ये मोकळी ठेवा आणि तिचं भाडं पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.